चोशी बंदरातली तारली आणि आमचा बांगडा



आम्ही दोघी जावा आज तुमच्याशी बोलायला आलो आहोत. माइकसमोर थोरली बसली आहे, पण बोलणं दोघींचं आहे. काय सांगायचं ते काल रात्री भांडी घासून झाल्यावर पडवीत बसून ठरवलं. कुठे चुकलं तर धाकटी कोपराने ढोसणार आहे, तेव्हा मध्येच आवाज थांबला तर रेडिओ बिघडला असं समजू नका.

तुमच्यातल्या पुष्कळजणी आम्हाला ओळखतात. हर्णै बंदरावर पुळणीत सकाळ-संध्याकाळ लिलाव बोलला जातो, तिथे आम्ही मासळी उचलतो आणि वरच्या गावांत नेऊन विकतो. कधी टेम्पोतून, कधी एसटीतून, कधी पाटी डोक्यावर घेऊन. सव्वीस वर्षं हेच करत आलो. केंद्रावरच्या ताई म्हणाल्या, "जपानला जाऊन आलात, त्यावर बोला." आम्ही म्हटलं, तिथली देवळं, बागा आणि उंच इमारती यांबद्दल सांगणारे पुष्कळ आहेत. आम्ही एका जेवणाबद्दल बोलू. बंदराच्या गावातल्या, आठ खुर्च्यांच्या एका खाणावळीतल्या जेवणाबद्दल. त्या जेवणाच्या पाटावर आमची एक जुनी चूक आमच्यासमोर येऊन बसली. तीही सांगणार आहोत, कारण ती सांगितली नाही तर हे बोलणं अर्धंच राहील.

पहिला प्रश्न सगळ्याजणी विचारतात, की धंदा सोडून गेलात कशा? सोडला नाही हो. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. माशांची वीण व्हावी आणि खवळलेल्या समुद्रात माणसांचे जीव जाऊ नयेत, म्हणून ही बंदी. त्या दिवसांत आम्ही सुकी मासळी विकतो, नाहीतर घर शाकारतो. थोरलीची लेक तोक्योत सॉफ्टवेअरच्या कंपनीत नोकरीला आहे. लेक थोरलीची खरी, पण वाढवली दोघींनी मिळून. ती एदोगावा नावाच्या भागात राहते. तिथे भारतीय कुटुंबं इतकी आहेत, की डाळ-तांदूळ आणि मसाल्यांची चिंता नाही. तिनेच तिकिटं काढली आणि फोनवर म्हणाली, "आई, काकी, बंदी लागली की निघा."

चार दिवस तिने आम्हाला तोक्यो दाखवलं. पाचव्या दिवशी धाकटी म्हणाली, "बाई, इमारती बघून मान दुखली. आता आम्हाला एखादं बंदर दाखव."

ती हसली आणि आम्हाला चोशीला घेऊन गेली.

चोशी हे चिबा प्रांताच्या पूर्वेकडच्या टोकाला, तोने नावाच्या मोठ्या नदीच्या मुखाशी वसलेलं गाव. तोक्योच्या मोठ्या स्टेशनातून तिथे जी जलद गाडी जाते तिचं नाव शिओसाई. म्हणजे समुद्राची गाज. दोन तासांचा प्रवास. गाडीला गाजेचं नाव दिलेलं ऐकून आम्हाला फार बरं वाटलं.

लेकीने चोशीच का निवडलं, त्याला कारण होतं. या बंदरात उतरणाऱ्या मासळीचं वजन कित्येक वर्षं सलग जपानात सर्वांत जास्त होतं. आणि ही मासळी म्हणजे फार भाव खाणारी नव्हे. मुख्य भर तारलीवर आणि बांगड्यावर. लेक म्हणाली, "काकी, तुझ्याच पाटीतले मासे आहेत, जरा लांबचे भाऊबंद." तिथला बांगडा म्हणजे 'साबा' आणि तारली म्हणजे 'इवाशी'. जात आपल्यापेक्षा वेगळी आहे, पण बघताक्षणी ओळख पटावी इतकं घराणं एक.

तिथे एवढी मासळी का, हेही ऐका. चोशीसमोरच्या समुद्रात दोन प्रवाह एकमेकांना भेटतात. दक्षिणेकडून येणारा कोमट पाण्याचा कुरोशिओ आणि उत्तरेकडून येणारा थंड पाण्याचा ओयाशिओ. थंड प्रवाहाबरोबर बारीक बारीक जीवांचं खाद्य येतं, आणि त्या खाद्यामागे तारली आणि बांगड्याचे थवे येतात. जिथे दोन पाणी मिळतं तिथे मासळी असते, हे आपल्या खाडीच्या तोंडाशी जाळं टाकणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

गावात शिरलं की दोन वास येतात. एक आपल्या ओळखीचा, बंदराचा. दुसरा खारट, भाजलेल्या धान्यासारखा. तो सोया सॉसचा. सोयाबीन आणि गहू आंबवून हा सॉस करतात. चोशीत त्याचे दोन जुने कारखाने आहेत. एक १६१६ सालापासूनचा आणि दुसरा १६४५ सालापासूनचा. म्हणजे पहिला सुरू झाला तेव्हा शिवाजी महाराजांचा जन्मही व्हायचा होता. इथली दमट, मवाळ हवा आंबवणाला मानवते, आणि तयार पिंपं तोने नदीतून होड्यांनी एदोला, म्हणजे जुन्या तोक्योला, नेता येत. तारलीही त्या काळी नुसती खाण्यासाठी नसे. ती वाळवून कापसाच्या शेतात खत म्हणून घालत. आपल्याकडे नारळाच्या मुळाशी मासळीचं खत घालतात, तसंच.

बचत गटातल्या मैत्रिणींसाठी आणखी एक गोष्ट. चोशीत एक इवलीशी रेल्वे आहे, फक्त ६.४ किलोमीटरची. २००६ साली तिच्याकडे गाड्यांच्या दुरुस्तीलाही पैसे उरले नाहीत. तेव्हा रेल्वेने लोकांना सांगितलं, की आमच्याकडच्या तांदळाच्या चकत्या विकत घ्या. सोया सॉसमध्ये भिजवलेल्या, मऊ चकत्या. लोकांनी त्या इतक्या घेतल्या की रेल्वे तगली. आम्हीही दोन पुडे घेतले. पापड विकून आगगाडी चालवावी तसा हा प्रकार.

आता जेवणाकडे येतो.

बाजारामागच्या गल्लीत एक जुनं घर होतं. दारावर निळा कापडी पडदा. तिथली रीत अशी, की पडदा टांगलेला असला म्हणजे खाणावळ चालू. आत लाकडी फळीसमोर आठ खुर्च्या. भिंतीवर कागदाच्या पट्ट्यांवर हाताने लिहिलेली पदार्थांची नावं. फळीपलीकडे एक बाई. सत्तरीच्या पुढच्या, डोक्याला पांढरा रुमाल, अंगाने सडसडीत. खाणावळीच्या मालकिणीला तिथे 'ओकामी' म्हणतात. आम्हीही तेच म्हणू.

ओकामींनी लेकीला विचारलं, या दोघी कोण? लेकीने सांगितलं, माझी आई आणि काकी, भारतात समुद्रकिनारी मासे विकतात. ओकामी हातातलं काम ठेवून पुढे आल्या आणि आमचे हात बघू लागल्या. अगदी स्थळ बघायला आल्यासारख्या. धाकटीच्या अंगठ्यावर काट्याचे डाग आहेत आणि नखाची कड झिजलेली आहे. त्यांनी आपला अंगठा तिच्या अंगठ्याशेजारी धरला. तसाच. मग काही भाषांतराची गरज राहिली नाही.

तारली त्या सुरीने कापत नव्हत्या. डोकं मोडायचं, अंगठा पोटात घालून काट्याच्या कडेने शेपटीपर्यंत न्यायचा, की मासा पुस्तकासारखा उघडतो आणि मधला काटा अख्खा सुटून येतो. तारलीचं मांस मऊ, सुरीने फाटतं, म्हणून हाताने उघडायची. आम्हीही तसंच करतो. ओकामींनी एक तारली आमच्यापुढे सरकवली. धाकटीने उघडून दाखवली. फळीवर बसलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी टाळ्या वाजवल्या. धाकटी अजून ते सांगते, आत्ताही ढोसून सांगायला लावलं.

तारलीसाठी जपानी लिपीत जे अक्षर आहे ते दोन खुणा जोडून केलेलं आहे, एक 'मासा' आणि दुसरी 'दुबळा'. पाण्याबाहेर काढली की चटकन मान टाकणारी आणि लवकर नासणारी, म्हणून दुबळी. आणि जून-जुलैत जेव्हा तिथे पावसाळा असतो, तेव्हाच चोशीच्या तारलीला सर्वांत जास्त चरबी धरते. तिला ते पावसाची तारली म्हणूनच ओळखतात. आपल्याकडे होड्या ओढून ठेवायच्या तेच दिवस.

पहिलं ताट आलं. तारलीचे कच्चे काप, वर किसलेलं आलं आणि पातीचा कांदा, बाजूला सोया सॉस. मैत्रिणींनो, खोटं कशाला बोलू? जन्म मासळीत गेला, पण कच्चा मासा तोंडात घालायची वेळ कधी आली नव्हती. थोरलीने डोळे मिटून घास घेतला. वास नाही. दात लावताच चरबी विरघळली, पाठोपाठ आल्याचा तिखटपणा. धाकटीने एकदा खाल्लं, थांबली, पुन्हा खाल्लं. पिशवीत आम्ही मसाल्याची बाटली नेली होती. ती उघडायची आठवण झाली नाही.

मग 'नामेरो' आलं. हा चिबाच्या कोळ्यांचा होडीवरचा पदार्थ. ताजा मासा, आलं, पातीचा कांदा आणि मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची घट्ट चटणी, हे सगळं फळीवर सुरीने एकत्र ठेचायचं. डुलणाऱ्या होडीत सोया सॉस सांडतो, मिसो सांडत नाही, म्हणून त्यात मिसो. इतकं चवदार की बशी चाटावी, म्हणून नाव नामेरो, असं सांगतात. उरलं तर तेच थापून भाजतात. त्यानंतर तारलीच्या गोळ्यांचं गरम सार आलं. काट्यासकट बारीक वाटलेले गोळे, सारात मुळ्याचे तुकडे. शेजारी भात, लोणचं. बाहेर पाऊस लागला होता. आमच्या मनात आलं, की हेच सार आमसूल घालून केलं असतं तर आपलंच म्हणून खपलं असतं.

जेवताना लेकीने एक माहिती सांगितली. या चिबा प्रांतातल्या बायका पाठीवर भले मोठे बोजे बांधून माल विकायला आगगाडीने तोक्योला जात. एका रेल्वेने त्यांच्यासाठी २०१३ पर्यंत राखीव डबा ठेवला होता. पश्चिमेकडे इसे-शिमा भागातून ओसाकाला मासळी नेणाऱ्यांसाठी तर १९६३ पासून अख्खी गाडीच होती. ती २०२० मध्ये थांबली आणि तिच्या जागी नेहमीच्या गाडीला एक डबा राहिला. आम्हाला मुंबईच्या लोकलमधला सामानाचा डबा आठवला, आणि त्यात टोपल्या मध्ये ठेवून बसणाऱ्या आपल्या बायका. वासावरून नाकं मुरडणारे तिकडेही होते का, हे विचारलं. ओकामी म्हणाल्या, "म्हणून तर वेगळा डबा."

इथवर सगळं हसतखेळत चाललं होतं.

मग आमची नजर फळीच्या टोकाला ठेवलेल्या पेटीकडे गेली. बांगडे. पाठीवर निळ्या-हिरव्या नागमोडी रेघा, पोट चांदीसारखं. थोरली म्हणाली, "लेकी, त्यांना सांग, आम्हाला यातला एक दे. भाजून दे, नाहीतर कसाही दे." ओकामींनी मान हलवली. आज बांगडा मिळणार नाही.

आम्हाला वाटलं, कुणाचा तरी राखून ठेवला असेल. त्या म्हणाल्या, नाही, ही पेटी परत जायची आहे. आम्ही उठून बघितलं. कल्ले लाल, डोळे फुगीर, बोटाने दाबलं तर खड्डा पडत नव्हता. सव्वीस वर्षांच्या नजरेने आम्ही सांगितलं, मासा ताजा आहे.

ओकामी म्हणाल्या, "दिसतो तर ताजा. पण पेटी आली तेव्हा बर्फाचं पाणी झालं होतं. आणणाऱ्याला विचारलं किती वेळ झाला, तो म्हणाला थोडाच. थोडा म्हणजे किती, ते मला माहीत नाही. मला माहीत नाही तो मासा मी पानात वाढत नाही."

मग त्यांनी समजावून सांगितलं आणि लेकीने एकेक वाक्य मराठीत आणलं. बांगड्यात दोन प्रकारची भीती असते. एक बारीक किडा. तो माशाच्या आतड्यात असतो आणि मासा मेल्यावर मांसात शिरतो. व्हिनेगर, मीठ, झणझणीत वासाबी, कशानेही तो मरत नाही. तो मरतो पुरता शिजवल्याने, नाहीतर उणे २० अंशांच्या थंडीत २४ तास ठेवल्याने. तिथल्या आरोग्य खात्याची सूचनाच तशी आहे. सकाळची तारली त्यांनी बंदरावर स्वतः निवडून, लगेच पोट काढून, प्रत्येक काप उजेडाला धरून बघून आमच्यापुढे ठेवली होती. आपण मासा शिजवून खातो, त्यामुळे या किड्याची भीती आपल्याला नाही.

दुसरी भीती मात्र आपलीही आहे. बांगडा, तारली, कुपा, सुरमई अशा माशांच्या मांसात एक घटक असतो. मासा गरम राहिला, की जंतू त्या घटकाचं हिस्टामिन करतात. ते एकदा तयार झालं की उकळून जात नाही, तळून जात नाही, पुन्हा बर्फात घालूनही जात नाही. वास येईलच असं नाही. कल्ले लाल असू शकतात. खाल्ल्यावर काही मिनिटांत, फार तर एक-दोन तासांत तोंड लाल होतं, अंगावर गांध्या उठतात, डोकं दुखतं, उलट्या होतात. काहींना घास घेतानाच जिभेवर मिरीसारखं चुरचुरतं.

ओकामी हसून म्हणाल्या, "आमच्याकडे म्हण आहे, बांगडा जिवंतपणीच नासतो." आणि दुसराही एक वाक्प्रचार सांगितला. कुणी आकडा चोरून सांगितला की तिथे म्हणतात, 'बांगडे मोजतो आहे.' बांगडा नासायच्या आत घाईघाईने मोजत आणि त्यात गाळत किंवा वाढवत, त्यावरून म्हणे हे आलं. वय लपवणाऱ्या बाईलाही हेच म्हणतात. फळीवरचे सगळे हसले.

आम्ही दोघी हसलो नाही. आम्ही एकमेकींकडे बघितलं आणि दोघींना एकच दिवस आठवला.

तो दिवस तीन वर्षांपूर्वीचा. ऑक्टोबरचं ऊन. त्या दिवशी होडी उशिरा लागली आणि वीज गेल्यामुळे बर्फ कमी मिळाला. जेवढा मिळाला तेवढा आम्ही सुरमईला घातला. सुरमई महाग, बांगडा काय, वाट्यावर जाणारा मासा. बांगड्यावर ओलं गोणपाट टाकलं आणि टेम्पोत चढलो. बाजारात दुपारी एकपर्यंत विकत बसलो. आमच्या एक जुन्या गिऱ्हाईक होत्या, वरच्या गावातल्या वहिनी. अठरा वर्षं आमच्याशिवाय दुसरीकडे मासा घेतला नाही. त्यांनी दोन वाटे नेले.

त्या रात्री त्यांच्या घरातल्या तिघांना दवाखान्यात न्यावं लागलं. त्यात त्यांचा सहा वर्षांचा नातू. तोंड सुजलेलं, अंगभर गांध्या. दुसऱ्या दिवशी सगळे बरे होऊन घरी आले, देवाची कृपा. पुढच्या बाजाराला वहिनी आमच्याकडे आल्या. भांडायला नव्हत्या आल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "त्या दिवशीच्या मासळीत काही होतं का गं?"

आम्ही काय केलं? आवाज चढवला. चारचौघींत म्हटलं, "आमचा मासा ताजा होता, कल्ले लाल होते, सगळ्यांनी बघितलेत. आमसूल घालून पितळेच्या पातेल्यात केलं असाल, कळकलं असेल. कल्हई कधी लावली होतीत?" बायका हसल्या. वहिनींच्या हाताला चव आहे म्हणून लग्नकार्याला त्यांना बोलावणं येतं. त्या काही न बोलता निघून गेल्या, त्या पुन्हा आमच्याकडे आल्या नाहीत.

तेव्हा आम्हाला हिस्टामिन माहीत नव्हतं, हे खरं. पण बर्फ घातला नव्हता हे माहीत होतं. न कळण्याचा दोष एक वेळ माफ होईल. कळत असून दुसरीच्या पातेल्यावर ढकलण्याचा दोष आमचा होता. आणि इथे, हजारो कोस लांब, एक बाई आपल्याला माहीत नाही एवढ्यासाठी अख्खी पेटी परत पाठवत होती. नुकसान तिचंच होतं.

निघताना ओकामींनी आमच्या हातात गुंडाळलेला भाताचा गोळा दिला, गाडीत खायला. परतीच्या वाटेवर लेकीने दोनदा विचारलं, "जेवण आवडलं ना? मग गप्प का?" आम्ही सांगितलं, पोट भरलंय.

ऑगस्टमध्ये होड्या सुटल्या. पहिल्या बाजाराआधी आम्ही दोघी वहिनींच्या घरी गेलो. पाटी नेली नाही. मासा भेट म्हणून नेला असता, तर माफी स्वस्तात विकत घेतल्यासारखं झालं असतं. त्यांनी पाणी दिलं. आम्ही जे होतं ते सांगितलं. बर्फ नव्हता, मासा तापला होता, तुमच्या पातेल्याचा काही दोष नव्हता.

त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "ते पातेलं सासूबाईंचं. तुम्ही म्हणालात म्हणून मलाही वाटलं, माझंच चुकलं. मी ते माळ्यावर टाकलं. नातवाला मासा सोसत नाही असं धरून तीन वर्षं त्याला मासा दिला नाही. सगळे जेवतात आणि तो डाळभात खातो."

आमच्याकडे याला उत्तर नव्हतं. एवढंच म्हटलं, की डॉक्टरांना विचारा. तापलेल्या माशाने असं झालं असेल, तर तो मासा न सोसण्याचा आजार नव्हे, चांगला मासा पोर खाऊ शकेल. पण ते डॉक्टरांनीच सांगायला हवं. त्या म्हणाल्या, "तेव्हाच बोलला असतात तर?" आम्ही मान खाली घालून बसलो. त्यांनी चहा केला. प्यायलो आणि उठलो.

आता आम्ही काय करतो, तेही सांगतो, कारण ऐकणाऱ्यांत मासे विकणाऱ्याही आहेत आणि घेणाऱ्याही.

उन्हाच्या दिवसांत जितका मासा तितकाच बर्फ. किलोला किलो. लादी तशीच टाकायची नाही, बारीक फोडायची. खाली बर्फ, मग मासा, मग बर्फ, असे थर. पेटीला खाली भोक, म्हणजे पाणी वाहून जातं आणि मासा त्यात भिजत नाही. बांगडा आणि तारलीला आधी बर्फ, पापलेटला नंतर. स्वस्त मासाच लवकर बिघडतो आणि तो गरिबाच्या घरी जातो. बर्फ पुरेसा नसेल तर त्या दिवशी बांगडा उचलायचा नाही. ज्या दिवशी उचलत नाही त्या दिवशी कमाई बुडते, ते लपवत नाही. बर्फाच्या खर्चामुळे वाट्यामागे थोडा भावही वाढवला आहे. काही गिऱ्हाइकं गेली, काही नवी आली.

घेणाऱ्यांना सांगणं असं, की नुसते कल्ले बघू नका. पाटीत हात घाला. मासा हाताला गार लागला पाहिजे. बर्फ कुठे आहे ते विचारा, विचारताना संकोच करू नका. घरी नेल्यावर फोनवर बोलत पिशवी ओट्यावर ठेवू नका, लगेच साफ करून थंड करा. आणि मासा खाल्ल्यावर तोंड लाल झालं, गांध्या उठल्या, तर घरगुती उपायात वेळ न घालवता दवाखाना गाठा. श्वास लागत असेल तर एक क्षणही थांबू नका. आणि मग, मैत्रिणींनो, मासेवालीला येऊन सांगा. तिने आवाज चढवला तरी सांगा.

तुम्ही विचाराल, वहिनी परत आल्या का? दसऱ्यानंतरच्या बाजाराला आल्या. काही बोलल्या नाहीत. बाही वर केली, पेटीत कोपरापर्यंत हात घातला, तळाचा बर्फ चाचपला. मग एक बांगडा काढून उलटापालटा करून बघितला. एक वाटा घेतला, आणि पूर्वीसारखीच घासाघीस करून पाच रुपये कमी केले. जाताना म्हणाल्या, "पातेल्याला कल्हई लावून आणलीय. नातू आज जेवायला आहे."

धाकटी आता ढोसत नाहीये, म्हणजे सांगायचं सगळं सांगून झालं.